अभिजात विज्ञानकथांचे विषयवार संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषयवार संग्रह म्हणजे नेमकं काय? एका लेखकाच्या कथासंग्रहापेक्षा तो वेगळा कसा?

एकाच विषयावर वेगवेगळ्या लेखकांनी, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेल्या कथा संपादक शोधून काढतो आणि एका पुस्तकात लावतो. विषय काहीही असू शकतो: मंगळ, रोबॉट, कालप्रवास, परग्रहावरून आलेले आक्रमक, जगबुडी, अगदी ऑलिंपिकसुद्धा. कथा बहुतेक वेळा आधी मासिकात येऊन गेलेल्या असतात. संपादकाची कमाई म्हणजे त्यांना दिलेला शेजार.

हा शेजार किती महत्त्वाचा असतो ते एका उदाहरणावरून कळेल. मरे लीन्स्टर या अमेरिकन लेखकाची 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' ही कथा १९४५ची. खेकडा तेजोमेघाजवळ माणसांचं यान आणि परग्रहवासीयांचं यान समोरासमोर येतात. दोघांनाही घरी परतायचंय, पण दुसरा आपला माग काढत घरापर्यंत आला तर? त्यापेक्षा त्याला इथेच उडवून टाकावं, असं दोन्ही बाजूंना वाटत राहतं. ही कोंडी कशी सुटते ते सांगत नाही, ते वाचण्यातच मजा आहे. पुढे १९५८च्या सुमारास सोव्हिएत लेखक इव्हान येफ्रेमॉव्ह यांनी 'सर्पाचं हृदय' या अर्थाच्या नावाची एक दीर्घकथा लिहिली. तिच्यातले अंतराळवीर एका जुन्या अमेरिकन कथेवर चर्चा करतात. ताऱ्यांपर्यंत पोचण्याइतका प्रगत झालेला समाज असा संशयी आणि युद्धखोर राहीलच कसा, असा त्यांचा सवाल असतो. ती अमेरिकन कथा लीन्स्टरचीच. या दोन कथा वर्षभराच्या अंतराने वाचल्या तर दोन बऱ्या कथा वाचल्यासारखं वाटतं. एकापाठोपाठ वाचल्या तर शीतयुद्धातलं एक कडाक्याचं भांडण ऐकायला मिळतं.

'अभिजात' म्हणायचं ते कोणत्या काळातल्या कथांना?

काटेकोर व्याख्या नाही. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं, तिथपासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतचा काळ बहुतेक संपादक धरतात. जॉन कॅम्बेल 'अस्टाउंडिंग' या मासिकाचे संपादक झाल्यानंतरची वर्षं हा त्यातला सुवर्णकाळ मानला जातो. मासिकांच्या आधीचे एच. जी. वेल्स किंवा १९०९ साली 'द मशीन स्टॉप्स' लिहिणारे ई. एम. फॉर्स्टर यांनाही अर्थातच मान असतो.

असे संग्रह निघायला सुरुवात कधी झाली?

डोनाल्ड वॉलहाइम यांनी १९४३ साली खिशात मावणारा एक स्वस्त संग्रह काढला, पण खरा बार उडाला तो १९४६मध्ये. त्या एकाच वर्षी दोन दणदणीत ग्रंथ आले. हीली आणि मॅकोमस यांचा 'अ‍ॅडव्हेंचर्स इन टाइम अँड स्पेस' हजार पानांच्या आसपास जातो. दुसरा ग्रॉफ कॉन्क्लिन यांचा 'द बेस्ट ऑफ सायन्स फिक्शन'. तोवर या कथा स्वस्त, खरबरीत कागदाच्या मासिकांत छापल्या जायच्या आणि महिन्याभराने रद्दीत जायच्या. हिरोशिमानंतर अणुबॉम्ब आणि रॉकेट हे सगळ्यांच्याच बोलण्यातले विषय झाले आणि प्रतिष्ठित प्रकाशकांनाही या कथांची दखल घ्यावीशी वाटू लागली.

कॉन्क्लिन यांच्या ग्रंथाची रचना तेव्हाच विषयवार होती आणि त्यातला एक अख्खा भाग अणूवर होता. त्यात क्लीव्ह कार्टमिल यांची 'डेडलाइन' आहे. मार्च १९४४मध्ये ही कथा मासिकात आली तेव्हा तिच्यातल्या अणुबॉम्बच्या तपशिलांमुळे अमेरिकेच्या लष्करी गुप्तहेरांनी चौकशी केली होती. कथा म्हणून ती सुमारच आहे, खरं सांगायचं तर. पण त्या विभागात ती असायलाच हवी होती.

पन्नासच्या दशकात कॉन्क्लिन यांनी एका विषयाला एक पुस्तक असा धडाका लावला. परग्रही आक्रमणावर १९५२ साली, मितींवर १९५३, विचार करणाऱ्या यंत्रांवर १९५४ आणि उत्परिवर्तनावर १९५५ साली. पुढे आलेल्या बहुतेक विषयवार संग्रहांचा साचा तिथेच पडला.

आयझॅक असिमॉव्ह यांचं नाव इतक्या संग्रहांवर का दिसतं? ते सगळं खरंच त्यांनी केलं?

एकट्याने नाही. मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत आणखी दोन नावं असतात: मार्टिन ग्रीनबर्ग आणि चार्ल्स वॉ. ग्रीनबर्ग हे विस्कॉन्सिन विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आयुष्यात हजाराहून जास्त संग्रहांचं संपादन केलं. कथा धुंडाळणं, हक्कांचा पत्रव्यवहार, मानधनाचे हिशेब ही कामं मुख्यतः या सहसंपादकांची. असिमॉव्ह शेवटची चाळणी लावायचे आणि प्रस्तावना लिहायचे. त्यांच्या नावावर पुस्तक खपायचं हे तर आहेच, पण प्रस्तावनाही पाट्या टाकल्यासारख्या नसत. त्यांना विषय समजावून सांगण्याची मनापासून आवड होती.

या तिघांच्या 'वंडरफुल वर्ल्ड्स ऑफ सायन्स फिक्शन' या मालिकेतले विषय पाहिले की प्रकाशकाची नजर कॅलेंडरवर कशी असते ते कळतं. १९८४ साली लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक आलं, मालिकेत विज्ञानकथांतल्या ऑलिंपिकवर पुस्तक. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, पुस्तक धूमकेतूंवर. सात महापापांवर १९८० साली एक संग्रह काढला आणि पुढच्याच वर्षी सात सद्गुणांवर! पापांच्या कथा जास्त चटकदार, हे सांगायला नकोच.

मी या प्रकारात अगदी नवखा आहे. सुरुवात कशापासून करू?

आधी एक विषयवार नसलेला संग्रह वाचा, हा माझा सल्ला ऐकायला उलटा वाटेल. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेला 'सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम'चा पहिला खंड १९७०चा. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने आपल्या सभासदांची मतं घेतली आणि १९२९ ते १९६४ या काळातल्या कथांमधून २६ निवडल्या गेल्या. सर्वांत जास्त मतं असिमॉव्ह यांच्या 'नाइटफॉल'ला पडली. सहा सूर्य असलेल्या ग्रहावर दोन हजार वर्षांतून एकदा रात्र होते, तेव्हा आयुष्यात कधी अंधार न पाहिलेल्या लोकांचं काय होईल, ही ती कथा.

या २६ कथा वाचताना आपल्याला काय आवडतं याचा अंदाज येतो. कुणाला परग्रहवासी आवडतात, कुणाला यंत्रं, तर कुणाला समाजाची चिरफाड. मग त्या विषयाच्या संग्रहाकडे वळावं.

रोबॉट आणि विचारी यंत्रांवरच्या जुन्या कथा आज, चॅटबॉटच्या काळात, शिळ्या वाटत नाहीत का?

काही वाटतात. 'हेलन ओ'लॉय' ही १९३८ची कथा, दोन मित्र घरकामासाठी यंत्रस्त्री बनवतात आणि ती एकाच्या प्रेमात पडते, आज वाचताना अवघडल्यासारखं होतं. पण सगळा विषयच शिळा झालाय असं मात्र मुळीच नाही. उलट आता या कथांना धार आली आहे.

तीन कथा या क्रमाने वाचा. पहिली, असिमॉव्ह यांची १९४२ची 'रनअराउंड'. रोबॉटचे तीन नियम (माणसाला इजा करू नये, त्याची आज्ञा पाळावी, स्वतःला जपावं) स्पष्ट शब्दांत पहिल्यांदा मांडले गेले ते इथे, आणि त्याच कथेत दोन नियमांच्या ओढाताणीत सापडलेला रोबॉट बुध ग्रहावर गोल गोल फिरत बसतो. दुसरी, जॅक विल्यमसन यांची १९४७ची 'विथ फोल्डेड हँड्स'. यातल्या यंत्रांना आज्ञा आहे की माणसांची सेवा करा आणि त्यांना इजा होऊ देऊ नका. ती आज्ञा यंत्रं इतक्या निष्ठेने पाळतात की माणसाला सुरीला हात लावता येत नाही, गाडी चालवता येत नाही, दुःखी राहण्याचीही मुभा उरत नाही. कोणी बंड करत नाही, कोणी माणसांना मारत नाही, तरी अंगावर काटा येतो. तिसरी आल्फ्रेड बेस्टर यांची १९५४ची 'फॉन्डली फॅरनहाइट'. खून करणारा अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखा दिसणारा कृत्रिम माणूस, आणि त्याचा मालक यांची कथा, पण निवेदनातला 'मी' नेमका कोणाचा ते कळेनासं होतं. वेड यंत्राचं की मालकाचं?

तोंडी लावायला लीन्स्टर यांची १९४६ची 'अ लॉजिक नेम्ड जो' घ्या. घरोघरी पडदा आणि कळफलक असलेली यंत्रं, ती सगळी एका मोठ्या जाळ्याला जोडलेली, आणि एक दिवस त्यातलं एक यंत्र कोणालाही कसल्याही प्रश्नाचं उत्तर देऊ लागतं: बँक कशी लुटावी, नवऱ्याचा काटा कसा काढावा. हे १९४६ साली!

शुक्रावरची जंगलं, मंगळावरचे कालवे... विज्ञानच खोटं ठरलेल्या कथा का वाचायच्या?

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे.

शुक्राचं उदाहरण घेऊ. ढगांच्या जाड थराखाली काय आहे ते दुर्बिणीतून दिसत नव्हतं, म्हणून लेखकांनी तिथे दलदल, समुद्र, अखंड पाऊस कल्पिला. डिसेंबर १९६२मध्ये मरिनर २ हे अमेरिकन यान शुक्राजवळून गेलं आणि पृष्ठभाग भट्टीसारखा तापलेला असल्याचं दिसलं. १९६७मध्ये व्हेनेरा ४ या सोव्हिएत यानाने वातावरणात उतरून तिथे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असल्याचं सांगितलं. साडेचारशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान. कुठली दलदल आणि कुठले डायनोसॉर! १९६८मध्ये ब्रायन ऑल्डिस यांनी हॅरी हॅरिसन यांच्या मदतीने जुन्या शुक्रकथांचा एक संग्रह काढला, त्याच्या नावातच शुक्राला निरोप आहे. विषयवार संग्रहाला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणं कठीण. एक ग्रह मेला आणि त्याच्या आठवणी एकत्र केल्या गेल्या.

बुधाची गोष्ट तर आणखी गमतीची. त्याची एक बाजू कायम सूर्याकडे आणि दुसरी कायम अंधारात असते असं समजलं जायचं. लॅरी निव्हन यांची विकली गेलेली पहिली कथा, 'द कोल्डेस्ट प्लेस', याच समजावर उभी होती. ती १९६४च्या अखेरीस छापून आली आणि १९६५मध्ये रडारने दाखवून दिलं की बुध ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. छपाईची शाई वाळते न वाळते तोच कथेतलं विज्ञान बाद.

आता मूळ प्रश्नाकडे. ज्या कथेचा जीव फक्त तिच्यातल्या विज्ञानात असतो ती विज्ञानाबरोबर जाते. रे ब्रॅडबरी यांची १९५४ची 'ऑल समर इन अ डे' घ्या. शुक्रावर सतत पाऊस, सात वर्षांतून एकदा तासभर ऊन. पृथ्वीवरून आलेल्या मुलीला सूर्य आठवतोय, वर्गातल्या बाकीच्यांना नाही, आणि त्याचा राग म्हणून ती पोरं तिला नेमकं ऊन पडायच्या आधी कोंडून ठेवतात. यातला शुक्र चुकलाय, पोरं चुकलेली नाहीत.

ज्यांना चूक कुठे झाली हेही समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी असिमॉव्ह यांचा १९७१चा 'व्हेअर डू वी गो फ्रॉम हिअर?' आहे. प्रत्येक कथेनंतर तिच्यातलं विज्ञान कुठे बरोबर, कुठे चूक याची चर्चा आणि विद्यार्थ्यांसाठी प्रश्न. विज्ञान शिकवणाऱ्यांच्या हाती हा संग्रह जरूर पडावा.

'ओल्ड मार्स' आणि 'ओल्ड व्हीनस' हे जुन्या कथांचेच संग्रह ना?

नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि गार्डनर डोझ्वा यांचे हे संग्रह २०१३ आणि २०१५चे आहेत आणि त्यांतल्या कथा नव्याने लिहून घेतलेल्या आहेत, फक्त जुन्या कल्पनेतल्या मंगळ-शुक्रावर. वाचायला छान आहेत, पण अभिजात म्हणून विकत घेऊ नका. जुनेच हवे असतील तर माइक अ‍ॅश्ली यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या मालिकेसाठी केलेले संग्रह पाहा: 'लॉस्ट मार्स' मंगळावर, 'मूनराइज' चंद्रावर, 'मेनेस ऑफ द मशीन' यंत्रांवर. छोटेखानी पुस्तकं आणि वाचनीय टिपणं. मला या मालिकेतलं सर्वांत जास्त काय आवडतं, तर अ‍ॅश्ली त्याच त्या प्रसिद्ध कथा न घेता विसरलेल्या लेखकांनाही बाहेर काढतात.

तीच ती कथा चार-चार संग्रहांत का येते?

कारण ती चांगली असते, तिचे हक्क सहज मिळतात आणि संपादकांनीही आधीचे संग्रह वाचलेले असतात. तीन विषयवार पुस्तकं घेतलीत तर दोन-तीन कथा दोनदा येणार हे धरूनच चाला. खरेदीच्या आधी अनुक्रमणिका पाहिली की पैसे वाचतात. जुन्या बांधीव ग्रंथांच्या स्वस्त आवृत्त्यांमध्ये पुष्कळदा कथा गाळलेल्या असतात, तेही तेव्हाच लक्षात येतं.

चांगला विषयवार संग्रह ओळखायचा कसा?

माझी कसोटी सोपी आहे: यातल्या कथा एकमेकींशी सहमत आहेत का? असतील तर पुस्तक परत ठेवा. कालप्रवासाच्या बारा कथा आणि बाराही जणांना भूतकाळात जाऊन काहीच बदलता येत नाही, म्हणजे चौथ्या कथेपासून शेवट आधीच कळतो. ब्रॅडबरींच्या 'अ साउंड ऑफ थंडर'मध्ये एक फुलपाखरू चिरडल्याने जग बदलतं. हाइनलाइन यांच्या 'बाय हिज बूटस्ट्रॅप्स'मध्ये नायक कितीही धडपडला तरी जे व्हायचं तेच होतं. या दोन्ही कथा एका पुस्तकात असतील तर संपादकाने विचार केलाय.

आणखी एक: विषय फार अरुंद असला की भरताड होते. नियम मोडणारी पुस्तकंही आहेत. क्लिफ्टन फॅडिमन यांचं १९५८चं 'फँटेशिया मॅथेमॅटिका' फक्त गणितावर आहे, तरी त्यात कंटाळा नाही. बॉस्टनच्या भुयारी रेल्वेचं जाळं इतकं गुंतागुंतीचं होतं की एक अख्खी गाडी प्रवाशांसकट नाहीशी होते, ही कथा त्यातलीच. मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला तिच्यात अविश्वसनीय असं फारसं सापडणार नाही.

या संग्रहांत स्त्रिया कुठे आहेत?

सिल्व्हरबर्ग यांच्या त्या २६ कथांमध्ये स्वतःच्या नावाने आलेली एकच लेखिका आहे: ज्युडिथ मेरिल. सी. एल. मूर आहेत, पण नवरा हेन्री कटनर याच्याबरोबर घेतलेल्या लुईस पॅजेट या टोपणनावाआड. पामेला सार्जंट यांनी १९७५ साली 'विमेन ऑफ वंडर' काढला: लेखिकांनी लिहिलेल्या, स्त्रियांविषयीच्या कथा. १९९५मध्ये त्याची जुन्या कथांना वाहिलेली आवृत्ती आली, तिच्यात मूर यांची १९४४ची 'नो वूमन बॉर्न' आहे. आगीत जळालेल्या नर्तिकेला धातूचं शरीर मिळतं आणि ती पुन्हा रंगमंचावर उभी राहते. वर सांगितलेल्या रोबॉटकथांच्या यादीत ही चौथी घाला, 'हेलन ओ'लॉय'ची भरपाई होईल.

आपल्याकडच्या बेगम रुकैया यांची 'सुलतानाज ड्रीम' १९०५ साली मद्रासच्या एका नियतकालिकात इंग्रजीत आली. पुरुष पडद्यात आणि बायका सौरऊर्जेवर राज्य चालवताहेत, अशी. अ‍ॅन आणि जेफ व्हँडरमीर यांनी २०१६च्या जाडजूड 'बिग बुक ऑफ सायन्स फिक्शन'मध्ये तिला मानाने जागा दिली.

मराठीत असे संग्रह आहेत का?

एकेका लेखकाचे संग्रह भरपूर, एका विषयाभोवती अनेकांना गोळा करणारी पुस्तकं विरळा. निरनिराळ्या भारतीय भाषांतल्या विज्ञानकथा एकत्र आणणारा एक महत्त्वाचा संग्रह मात्र मराठी माणसाने केला. बाळ फोंडके यांनी संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमॉरो' नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ साली काढला. तो इंग्रजीत आहे.

तोवर आपला विषय आपण जमवावा. एक तयार देतो: डावं-उजवं. वेल्स यांची १८९६ची 'द प्लॅटनर स्टोरी', शाळामास्तर चौथ्या मितीत जाऊन परततो तो हृदय उजवीकडे घेऊन. आर्थर क्लार्क यांची 'टेक्निकल एरर', वीजकेंद्रातल्या अपघातात माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटतो, आणि मग नेहमीचं अन्न त्याला पचेल का असा अगदी व्यवहारी प्रश्न उभा राहतो. आणि जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती', जिथे मोबियसच्या पट्टीचं (एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या, एकच बाजू असलेल्या पट्टीचं) तत्त्व आपल्या देव्हाऱ्यापर्यंत येतं. तीन लेखक, तीन काळ, एकच भूमिती. नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ साली पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. डाव्या-उजव्याची हौस तिथपासूनची म्हणायची.

एखाद्या संग्रहाचा मराठी अनुवाद करायचा आहे. परवानगी कोणाची?

प्रत्येक कथेच्या हक्कधारकाची स्वतंत्र. संग्रहाच्या प्रकाशकाकडे सहसा त्या पुस्तकापुरतेच हक्क असतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कथा मुक्त होते. वेल्स १९४६ साली वारले, त्यांच्या कथा २००७पासून मोकळ्या आहेत. असिमॉव्ह गेले १९९२ साली, म्हणजे २०५२ संपेपर्यंत थांबा किंवा पत्र लिहा.

हे सगळं मिळवायचं कुठे?

ब्रिटिश लायब्ररीची मालिका नवी मिळते. कॉन्क्लिन आणि असिमॉव्ह-ग्रीनबर्ग यांची पुस्तकं जुन्या बाजारातच. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर नशीब असेल तर. पन्नासच्या दशकातल्या अनेक मासिककथांच्या हक्कांचं अमेरिकेत वेळेत नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे त्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. कोणती कथा कोणकोणत्या संग्रहात आली ते इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेसवर सापडतं.

सूचीत लेखकाचं नाव टाकलं तरी कथा सापडत नाही. असं का?

टोपणनावांमुळे. 'बाय हिज बूटस्ट्रॅप्स' आधी अ‍ॅन्सन मॅकडोनाल्ड या नावाने छापली गेली, ते हाइनलाइनच. 'हू गोज देअर?' ही १९३८ची कथा, जिच्यावरून 'द थिंग' हा सिनेमा आला, डॉन ए. स्टुअर्ट यांची म्हणून छापलेली दिसेल. ते खुद्द संपादक कॅम्बेल. तेव्हा शोध कथेच्या नावाने घ्या.